साबण लावलेला गज

माझं तोंड फटकळ आहे. घरचे म्हणतात, हिला देवानं जीभ दिली ती धार लावूनच दिली. रविवारी सकाळी विश्रामबागेतल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमच्या मुलांच्या वाद्यवृंदाची तालीम असते. तिथं व्हायोलिनची मागची फळी माझ्याकडे आहे. बारा व्हायोलिनं वाजत असली तरी माझा आवाज फाटकापर्यंत येतो, असं शाळेचा वॉचमन सांगतो. "सूर लावतोयस का शटर ओढतोयस रे?" असं मी पोरांना बेधडक म्हणते. पोरं डोळ्यांत पाणी आणतात, आणि पुढच्या रविवारी बरोबर वाजवून दाखवतात. मला याचा अभिमान होता. मी कुणाची भीडभाड ठेवत नाही असं चारचौघांत सांगायची. एका मुलीच्या बाबतीत मी काय केलं, हे मात्र वाद्यवृंदातल्या कुणाला आजवर सांगितलेलं नाही.

वाद्यवृंद म्हटलं की आमच्या सांगलीत लोकांना अजून तो जुना ऑर्केस्ट्राच आठवतो, गणपतीत स्टेजवर सिनेमाची गाणी म्हणणारा. "तुमच्यात गातं कोण?" असं सगळे विचारतात. आमच्यात कुणी गात नाही बाबांनो. व्हायोलिन, बासरी, सतार, क्लॅरिनेट, तबला, सगळं पोरंच वाजवतात आणि एकत्र वाजवतात. शाळेतून निवृत्त झालेल्या एका सरांनी हे सुरू केलं. शिकवणी फुकट, आणि वाद्य सरावाला घरी न्यायला मिळतं. अट एकच, रविवार चुकवायचा नाही. ज्यानं रविवार चुकवला नाही तो कार्यक्रमात बसणार म्हणजे बसणार. निवड नाही, कुणाला गाळणं नाही. सर पालकांना पहिल्याच दिवशी हे सांगतात.

ती मुलगी कुपवाडहून यायची, वडिलांच्या मोटरसायकलवर. पाठीला व्हायोलिनची पेटी आणि पेटीला आईची जुनी ओढणी गुंडाळलेली, धूळ लागू नये म्हणून. वडील एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात, मूळचे कवठे महांकाळकडचे. पोरगी सातवीत होती. दीड वर्षात तिनं एकही रविवार चुकवला नव्हता, ताप अंगावर काढून आली होती एकदा. आणि काय गज चालायचा तिचा! आमच्याकडची बाकीची पोरं तारेवरून गज असा फिरवतात की जणू तार झोपली आहे आणि ती उठेल. ही बिनधास्त, टोकापासून टोकापर्यंत. भरदार, गोल आवाज यायचा.

पण तिचा गंधार, सारेगममधला ग, चढा लागायचा. दर वेळी, त्याच जागी. दुसरं बोट तारेवर जरा पुढंच पडायचं. आवाज बारीक असता तर खपून गेलं असतं, पण हिचा आवाज मोठा, त्यामुळे सगळ्या फळीत तो एकच सूर टोचायचा.

आता कुणीही म्हणेल, मग सांगायचं की तिला. दुसऱ्या कुणाचा गंधार चढला असता तर मी त्याला उभं करून वीस वेळा वाजवायला लावला असता. एका डॉक्टरांचा मुलगा आहे आमच्याकडं, त्याला मी एका सुरासाठी पाऊण तास पिळला होता, घरी जाऊन जेवला नाही म्हणे तो. पण ही मुलगी माझ्याकडं बघायची तेव्हा माझी जीभ जड व्हायची. मला वाटायचं, लेथवर काम करणाऱ्याची पोर, घरात कुणाला सा माहीत नाही, येतेय हेच खूप आहे. कशाला दुखवा? मी तिला म्हणायची, "छान हं." तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि पुढच्या मुलाकडं जाऊन ओरडायची. आणि त्याला मी माया समजत होते. आता कळतं की ती माया नव्हतीच. तिच्याकडून मला काही अपेक्षाच नव्हती, म्हणून मी तिच्यावर कधी चिडले नाही.

मागच्या वर्षी साताऱ्याला कार्यक्रम ठरला. मोठं नाट्यगृह, पुण्याहून एक जाणकार पाहुणे ऐकायला येणार. सर चार रात्री झोपले नसतील. शेवटच्या तालमीनंतर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या फळीतून कोणीतरी चढं लागतंय. बघा जरा." कोण ते त्यांना कळलं नव्हतं. मला पक्कं माहीत होतं. मी म्हटलं, "बघते सर."

बघते म्हणाले आणि काय बघितलं? चार दिवस होते हातात. तिला बोलावून घेतलं असतं, एक संध्याकाळ दिली असती. पण मग दीड वर्ष छान हं कशाला म्हणत होते, याचं उत्तर द्यावं लागलं असतं. कार्यक्रमाला बसू नको म्हणावं तर नियम आडवा येतो. तिच्या घरचे तर सगळे येणार होते. तिचा मामा मिलिटरीत, सुट्टीवर आला होता, कोरेगावकडच्या गावातून भाऊबंद घेऊन येणार होता. त्यानं तसं फोनवर सांगितलंय, हे तिनं मला तीनदा सांगितलं.

तरुणपणी मी त्या सिनेमाच्या गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात चार वर्षं वाजवलंय. तिथं एक म्हातारे वादक होते. स्टेजवर व्हायोलिनं जास्त दिसावीत म्हणून ते कधीकधी एखादं नवखं माणूस बसवायचे आणि त्याच्या गजाला साबण लावून द्यायचे. गजाचे केस घोड्याचे असतात, त्यांना राळ लावली तरच ते तारेला धरतात आणि सूर निघतो. साबण लावला की गज नुसता घसरतो. हात हलतो, आवाज शून्य. आम्ही पोटभर हसायचो त्याच्यावर.

साताऱ्याला निघताना मी घरून अंगाच्या साबणाची एक कोरडी वडी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली. हो, टाकली.

तिथं पोचल्यावर सगळ्यांची वाद्यं लावून झाली, तालीम झाली. पडद्यामागं पोरं रांगेत उभी होती, मुलींच्या केसात गजरे, सगळ्यांचे तळहात ओले. मी तिला म्हटलं, "दे गज, राळ लावून देते." तिनं लगेच दिला. मी बेसिनजवळ गेले, पाठ करून उभी राहिले, फडक्यानं राळ पुसली आणि वडी घासली, खाली-वर, खाली-वर. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. गज परत दिला तेव्हा ती म्हणाली, "थँक्यू बाई." बाकी कुणाचा गज मी हातात घेतला नव्हता, त्यामुळे तिला आपला मोठा मान झाल्यासारखं वाटलं. तिला मी शेवटच्या रांगेत तबल्याशेजारी बसवली.

कार्यक्रम उत्तम झाला. भूपाच्या सुरांवर सरांनी बांधलेली रचना अशी एकसंध वाजली की पाहुणे पहिल्या रांगेत मान डोलवत होते. मी विंगेतून बघत होते. तिचा हात सगळ्यांत लांब चालला होता, टोकापासून टोकापर्यंत, चेहरा लाल झालेला. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला लाज वाटली नाही. सुटल्यासारखं वाटलं. मी मनात म्हटलं, कुणाचं काय बिघडलं?

पडदा पडल्यावर ती धावत आली आणि मला येऊन बिलगली. आम्ही पोरांना नेहमी सांगतो, एकत्र वाजवताना आपला आवाज आपल्याला वेगळा ऐकू आला तर समजायचं आपण फाजील वाजवतोय. आपला सूर सगळ्यांच्यात विरला पाहिजे. तिला ते कधी जमलं नव्हतं, तिचा आवाज नेहमी वर राहायचा. ती धापा टाकत म्हणाली, "बाई, आज मिसळलं! मला माझं येगळं ऐकूच आलं न्हाई. एकदापण न्हाई!"

मी म्हटलं, "छान हं."

माझा बेत असा होता की परतीच्या बसमध्ये तिचा गज मागून घ्यायचा, घरी नेऊन स्पिरिटनं केस पुसायचे, राळ लावून पुढच्या रविवारी हातात द्यायचा. कुणाला पत्ता लागला नसता. मी सामान मोजून घेण्यात गुंतले, आणि बसमध्ये चढताना सर म्हणाले की कुपवाडची मुलगी आपल्याबरोबर नाही, तिचा मामा घरच्या सगळ्यांना गावाकडं घेऊन गेला. व्हायोलिन? व्हायोलिनसकट. मामानं हौसेनं पेटी स्वतःच्या खांद्याला अडकवली म्हणे.

पाहुणे जमलेल्या घरात पोर वाद्य घेऊन गेली की पुढं काय होतं हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. सकाळी चहा झाला की म्हणणार, वाजव गं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी तिच्या वडिलांचा नंबर काढला. "गजाला हात लावू नका, काहीतरी बिघाड आहे" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. साधं खोटं होतं, आणि तोवर मी खोटं बोलायला शिकलेच होते. पण ते विचारतील, बिघाड तुम्हाला कसा कळला? मी फोन ओट्यावर ठेवला आणि डाळ शिजायला लावली. साडेनऊला परत उचलला, परत ठेवला. अकरा वाजता स्वतःला सांगितलं की आता उशीर झाला. साबण लावला त्याची लाज वाटतेच, पण त्या सकाळी केला नाही त्या फोनची जास्त वाटते.

पुढच्या रविवारी ती वडिलांबरोबर आली ती हॉलच्या दारातच उभी राहिली. वडिलांनी पायातल्या चपला काढल्या, तिथं कुणी काढत नाही तरी.

"आवं बाई," ते म्हणाले, "पोरीकडनं चूक झाली. तुमचा गज बिघडला."

ते सांगत गेले. मामाच्या दारात सकाळी समदी भावकी जमली. मावश्या, चुलत्या, शेजारपाजारची पोरं. हिनं आंब्याखाली उभं राहून हनुवटीखाली व्हायोलिन धरलं, गज फिरवला, आवाजच नाही. परत फिरवला. नाही. पोरं फिदीफिदी हसायला लागली. मग कुणीतरी म्हणालं, ह्ये असंच असतंय, मागनं टेप लावत्यात आन् फुडं पोरं नुसती हात हलिवत्यात. मामा आदल्या दिवशी तिच्यासाठी टाळ्या वाजवून आलेला माणूस, तो म्हणाला, "कालपण टेपच हुती व्हय गं?"

"डोस्क्याला तेल लावून तसाच हात लावला असंल हिनं," वडील म्हणाले. "पोरीची जात हाय, समजून घ्या. नवा गज आणून दितो म्या, कुठं मिळतो तेवढं सांगा."

ती खाली बघत होती. म्हणाली, "चुकलं बाई. म्या लय पुसला, पर न्हाई झालं."

तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. देवाशप्पथ आलं होतं. पण सर पाच पावलांवर उभे होते, पोरं खुर्च्या लावत होती, डॉक्टरांची बायको मुलाला सोडायला आली होती. आणि मी, कुणाची भीडभाड न ठेवणारी बाई, काय बोलले? मी म्हटलं, "असू दे. होतं असं. पुन्हा जप."

म्हणजे मी तिला माफ केलं! वडिलांनी हात जोडले, त्या हातांना मशीनच्या तेलाचा वास येत होता. मी कपाटातून दुसरा गज काढून दिला.

त्यानंतर ती बदलली. तालमीआधी बाहेरच्या नळावर जाऊन हात धुवायची, कोपरापर्यंत, बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडेपर्यंत. केसांना तेल लावणं बंद केलं होतं, डोकं नुसतं पिंजारलेलं. गज रुमालात धरायची. आणि तो भरदार आवाज गेला. तीही आता बाकीच्यांसारखी तार झोपल्यासारखी वाजवू लागली. गंधार चढाच होता, पण आता ऐकू येत नव्हता. सर मला म्हणाले, "तुमची फळी सुधारली." मी हो म्हटलं.

एका रविवारी नवीन आलेल्या एका लहान मुलीनं तिचा गज हातात घेतला. कुपवाडची पोर तिला हळूच म्हणाली, "केसाला बोट लावू नगं. माझ्यासारखं हुईल." मी मागंच उभी होते. तरी आणखी दोन रविवार गेले. मी धीट बाई आहे ना, म्हणून दोनच गेले.

तिच्या वडिलांना वर्कशॉपची सुट्टी होती त्या दिवशी मी स्कूटीवर कुपवाडला गेले. दोन खोल्यांचं घर, स्वच्छ. आईनं सतरंजी अंथरली. वडिलांनी पंखा माझ्याकडं वळवला. मी बसायच्या आधीच सांगून टाकलं, बसले असते तर परत चहापाण्यात अडकून राहिले असते. गज तिनं बिघडवला नाही, मी साबण लावला होता. मुद्दाम लावला होता. साताऱ्यात तिचा आवाज येऊ नये म्हणून.

मग आई म्हणाली, "माझ्या माहेरात हसं झालं वो बाई आमचं." एवढंच म्हणाली आणि आत गेली. वडील खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला वाटलं होतं ते चिडतील, आणि मला ते हवं होतं. चिडलेल्या माणसासमोर मला उभं राहता येतं.

मुलीनं विचारलं, "माझं काय चुकत हुतं?"

"गंधार. दुसरं बोट चढं पडतं तुझं."

"कवापासनं?"

"पहिल्यापासून."

ती विचार करत होती. रडत नव्हती. "तुमी समद्यांना वरडता," ती म्हणाली. "मला कवा एकदापण वरडला न्हाईसा. मला वाटलं माझं बरोबरच हाय."

मी मान खाली घातली.

तिनं कोपऱ्यातली पेटी उघडली, व्हायोलिन काढलं आणि हनुवटीखाली धरलं. "दावा आता," म्हणाली.

मी जवळ गेले. दीड वर्षात मी तिचा डावा हात कधी नीट बघितलाच नव्हता. बघितल्याबरोबर कळलं. ती अंगठा फार पुढं धरत होती, त्यामुळे सगळा पंजाच पुढं सरकत होता. मी अंगठा मागं घेतला. "आता वाजव." चढा. "अंगठा परत सरकला, लक्ष कुठाय तुझं!" मी ओरडले, सवयीनं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि अंगठा मागं घेतला. परत चढा. परत. मग जरा उतरला. सहा-सात वेळा झालं, आणि मग तो लागला. जिथं लागायला हवा तिथं, स्वच्छ. तिलाही कळलं, कारण तिनं रुमाल टाकून दिला आणि पूर्ण गज ओढला, पूर्वी ओढायची तसा. आत भांड्यांचा आवाज थांबला. वडील वळून बघायला लागले. तिनं तो सूर पुनःपुन्हा लावला, भिंती भरून जातील एवढा मोठा, आणि दर वेळी बरोबर. समोर घड्याळ होतं म्हणून मला माहीत आहे, सगळं मिळून पाव तास लागला होता.

"आता लागतोय न्हवं?" तिनं विचारलं.

"लागतोय," मी म्हटलं. "रविवारी ये. पुढच्या रांगेत बसवते तुला. सरांना मी सगळं सांगते."

तिनं तारांवर पडलेली राळ पुसली, गज पेटीत ठेवला, व्हायोलिन ठेवलं, झाकणाच्या दोन्ही कड्या लावल्या. सोडून ठेवलेल्या ओढणीची घडी घालून ती जवळ घेतली आणि पेटी माझ्या पुढ्यात ठेवली.

"न्हाई येत बाई," ती म्हणाली. "तुमी बरोबर म्हणला तरी आता मला खरं वाटायचं न्हाई."

मी वडिलांकडं बघितलं, त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून. ते म्हणाले, "तिचं ती ठरवंल."

पेटी घेऊन मी बाहेर आले. सरांना मी अजून सांगितलेलं नाही. ते विचारतात, ती कुपवाडची मुलगी का येत नाही हो, एवढी नियमित होती. मी सांगते, त्यांच्या घरची काहीतरी अडचण आहे.